विटेतल्या मुलीचा निरोप

टण्ण!

चमच्याचा दांडा फरशीवर पडला आणि स्वयंपाकघरातली सकाळची शांतता मोडली. रेनेटा शेगडीशी मक्याच्या कण्या ढवळत होती. तिने मुद्दामच मागे वळून पाहिलं नाही. दांडा पडला की लुएला मावशी तो आधी पायाने चाचपते, मग वाकते, उचलते आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा कामाला लागते. मध्येच कुणी धावून गेलं, तर दिवसभर अबोला.

मावशीने चाचपला, वाकली, उचलला. जुन्या चमच्याचा दांडा घासून घासून निमुळता केलेला. गवताच्या वेटोळ्यात त्याने फट पाडायची, ताडाच्या पानाची पट्टी त्यातून ओवायची आणि ओढून घट्ट करायची, अशी टोपली वाढत जाते. 'टोपल्या विणते' असं कुणी म्हटलं की मावशीला राग येई. "विणतात कोळी. आम्ही शिवतो." मंडईच्या कोपऱ्यावर बसून तिने आयुष्यभर टोपल्या शिवल्या आणि बाहेरून शहर बघायला आलेल्यांना विकल्या. आता डोळ्यांपुढे सगळं धुकं. शिवण अजूनही सरळ यायची, कारण ती डोळ्यांनी कधी शिवलीच नव्हती. पण हातातून वस्तू निसटू लागल्या होत्या, आणि मध्यंतरी दोनदा शेगडी तशीच चालू राहिली होती.

"मावशी, कण्या झाल्या. वर कोळंबी घालू ना?"

"घाल बाई. डेट्रॉइटला कसली कोळंबी मिळते, देव जाणे."

"मिळते गं. बर्फातली."

"बर्फातली म्हणजे समुद्राला विसरलेली. मी पण तशीच होणार तिथे."

रेनेटा हसली आणि कोळंबी कण्यांवर पसरू लागली. उद्या दुपारी मावशीचा मुलगा क्लाइड तिला कायमचं डेट्रॉइटला न्यायला गाडी घेऊन येणार होता. त्याचंही चुकत नव्हतं. रेनेटा दिवसभर कामावर, नवरा बंदरातल्या क्रेनवर, अन् घरात एकटी म्हातारी. कुणीच कुणावर रागावलं नव्हतं, म्हणूनच जास्त जड जात होतं. आई गेली तेव्हा रेनेटा शाळेत होती. आईच्या या थोरल्या बहिणीने तिला पोटाशी धरलं, वेण्या घातल्या, धपाटे घातले आणि माणसांत आणलं. तिला आता उद्या दारातून हात हलवून पाठवायचं होतं.

जाण्याआधी मावशीने एकच गोष्ट मागितली होती.

"तुझ्या गाडीत बसव मला. ती खेचराची गाडी."

रेनेटा गाइड होती. खेचर हाकता हाकता मागच्या बाकांवरच्या पाहुण्यांना चार्ल्सटनची जुनी घरं, चर्चं, बागा दाखवायची. मावशीच्या टोपल्यांसमोरून रोज अशा गाड्या टपटपत गेल्या होत्या; पण मावशी एकदाही बसली नव्हती. आपलंच गाव बघायला कोण गाडीत बसतं?

"आणि पॉम्फ्रेट गल्लीवरून ने," मावशी पुढे म्हणाली होती. "त्या मुलीचा निरोप घ्यायचाय."

ती मुलगी म्हणजे एक वीट. पॉम्फ्रेट गल्लीतल्या मोठ्या घरामागे, स्वयंपाकाच्या खोलीवरच्या माळ्यावर मावशीचा जन्म झाला. तिची आई त्या घरचे कपडे धुवायची, इस्त्री करायची. मागच्या फाटकाजवळ एका विटेत तीन लहान बोटांचे ठसे होते. गुलामीच्या काळात ओल्या विटा उन्हात उलटत बसायचं काम गुलामांच्या पोरांचं असे. मातीत बोटं रुतायची आणि तशीच भाजली जायची. "तुझ्याआधी हिने इथे काम केलंय," आई सांगायची. "आधी हिची विचारपूस कर, मग खेळायला जा." लहानगी लुएला रोज त्या खळग्यांत बोटं ठेवून विचारायची, बरी आहेस ना?

"मावशी, आपल्या मोटारीनेच जाऊ की. पाच मिनिटांचं काम."

"नाही. त्या घराचे कपडे डोक्यावर घेऊन मी मागच्या दाराने ये-जा केलीय. आता मोटारीतून चोरासारखी डोकावू? जाईन तर वर बसून, टोपी घालून जाईन. ज्यांना गाव दाखवतात, त्यांच्यासारखी."

रेनेटाने कण्या वाढायला घेतल्या.

तेवढ्यात फेबी दारात आली. वय वर्षं सहा, एक मोजा पायात, दुसरा हातात. "आई, सोमवारी मला न्यायला कोण येणार?"

हा तिचा रोजचा प्रश्न. शाळा सुटल्यावर ती चर्चच्या दालनात थांबायची, आणि तिला आणायला मावशी जायची. वाट पायाखालची होती, त्यामुळे डोळ्यांचं फारसं अडायचं नाही. आता ते काम रेनेटाचं, आणि तिची शेवटची फेरी कधी संपेल याचा नेम नसायचा.

"आज शनिवार आहे ना? मोजा घाल बघू."

"पण सोमवारी?"

"कण्या गार होतायत," मावशी म्हणाली. मुलांचे प्रश्न कण्यांखाली दडपायची तिची जुनी पद्धत होती.

*

मावशीने ईस्टरला चर्चमध्ये घालायची ठेवणीतली टोपी चढवली. जांभळी, तिरपी, वर एक पीस. तबेल्याशी ती गाडीत चढली तेव्हा तिथल्या पोरांनी हातातल्या बादल्या खाली ठेवल्या. रेनेटाने हेक्टरला जुंपलं होतं. हेक्टर म्हणजे राखाडी, लांबकान्या, शांत खेचर. पण एकदा थांबायचं मनात आलं की देवाचंही ऐकायचा नाही. मावशी डाव्या कडेला बसली, फेबी तिला चिकटून. मागच्या बाकांवर ओहायोचं एक जोडपं आणि त्यांच्या मागे काही गप्प गप्प प्रवासी.

गाडी निघाली, तरी कुठे जायचं हे रेनेटाच्या हाती नव्हतं. सगळ्या गाड्या एकाच गल्लीत घुसू नयेत म्हणून या गावाने एक रीत पाडलीय. आधी चौकीपाशी थांबायचं. तिथे रंगीत गोळ्यांची पेटी फिरते, एक गोळी बाहेर पडते आणि ज्या रंगाची गोळी, त्या रंगाच्या भागात गाडी. त्याच रंगाची तबकडी गाडीला अडकवायची आणि जायचं. लाल गोळी आली तर दक्षिणेचा भाग, पॉम्फ्रेट गल्ली त्यातच. भलत्या भागात गाडी दिसली, तर गाइडचा बिल्ला गेला. हा बिल्ला मिळवायला रेनेटाने आधी कित्येक वर्षं तबेल्यात शेण काढलं होतं.

चौकीत थर्मनकाका होता. चर्चमध्ये गाताना त्याच्या आवाजाने बाक थरथरत.

"अरेच्चा, लुएला! तू गाडीत? गिऱ्हाईक होऊन?"

"तुला दिसतेय ना? मग माझ्यापेक्षा तुझे डोळे बरे म्हणायचे."

"टोपी पाहून वाटलं, राज्यपालांची बायको आली."

"तिची टोपी इतकी चांगली नसते. फिरव पेटी, बडबडू नको."

रेनेटाने लगाम मुठीत आवळला. लाल, देवा, आज तरी लाल. गोळ्या खळखळल्या, एकमेकींवर आपटल्या आणि नळीतून एक टुपकन खाली आली.

पिवळी.

पिवळी म्हणजे उत्तरेचा भाग. पॉम्फ्रेट गल्लीला पाठ.

थर्मनकाकाने गोळीकडे पाहिलं, मग रेनेटाच्या चेहऱ्याकडे. उद्या लुएला चालली, हे सगळ्या चर्चला ठाऊक होतं. ती कुठे जायचं म्हणते हेही. तो खिडकीतून वाकला आणि आवाज शक्य तितका खाली आणत म्हणाला, "पेटी मगाशी अडकल्यासारखी वाटली गं मला. पुन्हा एकदा फिरवू का?"

मागच्या गाडीवरचा गडी ओरडला, "काय झालं रे? गोळी अंडं घालतेय का?"

रेनेटाच्या ओठांवर 'हो' आलंच होतं. पण मावशीच्या कानांना धुकं आलं नव्हतं.

"थर्मन," ती म्हणाली, "मंडईत आम्ही जागेसाठी चिठ्ठ्या टाकायचो. सगळा उन्हाळा माझ्या वाट्याला उन्हातला कोपरा आला. कुणी पुन्हा टाकल्या होत्या चिठ्ठ्या?"

"लुएला, आज गोष्ट वेगळी आहे."

"त्या मागच्या गाडीतही कुणाचा तरी शेवटचा दिवस असेल. आण ती पिवळी."

थर्मनकाकाने तबकडी दिली. देताना रेनेटाचं बोट क्षणभर दाबून धरलं. तिने तबकडी अडकवली आणि लगाम हलवला. डोळे भरून आले होते. पण पाठ पाहुण्यांकडे असल्याचा एक फायदा असतो.

पुढच्या चौकात रस्ता फुटतो. उजवीकडे वळलं तर थोड्याच अंतरावर ती गल्ली. रेनेटाने लगाम जरासा, अगदी जरासाच, उजवीकडे ओढला. शनिवारची सकाळ होती. कोण बघतंय? बघितलंच तर बघितलं. हेक्टरचा उजवा कान फिरला.

"रेनी," मागून हळू आवाज आला. "खेचराला गोंधळात पाडू नको. डावीकडे घे."

"मावशी, तुझा निरोप..."

"तुझं पोट आहे त्या बिल्ल्यावर. आणि मी पाहुणी आहे ना आज? पाहुणीसमोर घरचं भांडण नको. चल, दाखव मला गाव."

हेक्टर डावीकडे वळला.

*

मग मावशीने कमालच केली. टोपी सावरली आणि ओहायोच्या बाईइतक्याच कौतुकाने विचारलं, "अहो बाई, ही घरं अशी रस्त्याकडे कड करून का उभी आहेत? रुसलीत का?"

रेनेटाने नाक ओढलं. "वारा आत यावा म्हणून, बाईसाहेब. समुद्राचा वारा लांबच्या लांब ओसरीवरून सरळ आत शिरतो."

"आणि ओसरीचं छत निळं कशाला?"

"भुतांना ते पाणी वाटतं. भुतं पाणी ओलांडत नाहीत."

"तुम्ही पाहिलंय भूत?"

"लहानपणी आमची एक मावशी होती. रात्री तिच्या डोक्यावर केस कुरळे करायच्या नळ्याच नळ्या असायच्या. तिला पाहिलं की भुतंच पळायची."

ओहायोचे गृहस्थ खो खो हसले. फेबी म्हणाली, "आई, ती मावशी म्हणजे हीच ना?" मग सगळेच हसले. मावशीने फेबीला कोपराने ढोसलं, "गप गं, आपण लांबून आलोय."

गाडी मंडईच्या मागच्या अंगाने गेली. टोपल्यावाल्या बायका आपापल्या कोपऱ्यांतून ओरडल्या, "लुएला, टोपी केवढ्याला?" मावशीला त्यांचे चेहरे दिसत नव्हते, पण आवाजागणिक तिने नावं घेतली, एकही चुकलं नाही. तिच्या जुन्या कोपऱ्यावर आता एक तरुण मुलगी बसली होती. वाळक्या गवताचा गोडसर वास गाडीपर्यंत आला. मावशीने तो छातीत भरून घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

रेनेटा बोलत राहिली. मनोऱ्याची उंची, भूकंपात भिंती धरून ठेवायला बसवलेले लोखंडी गज, चर्चच्या घंटेची हकिकत. या वाटा तिच्या जिभेला पाठ होत्या, कुणी काहीही विचारावं. पण आज प्रत्येक वाक्य ती फक्त एका माणसासाठी बोलत होती. घर आलं की वेग कमी करायची, काय दिसतंय ते जरा जास्तच सविस्तर सांगायची. दाराचा रंग, खिडकीतलं मांजर, कुंपणावरच्या पांढऱ्या जाईचा ढीग. मावशी मान डोलवत ऐकत होती. 'तू शिकलीस हं' असं ती तोंडाने कधीच म्हणाली नव्हती. आजही म्हणाली नाही. फक्त एकदा ओहायोच्या बाईकडे झुकून कुजबुजली, "बरी सांगते, नाही?"

रेनेटा मात्र मनात हिशेब करत होती. फेरी निम्मी सरली. उद्या क्लाइड येणार. मावशीने आयुष्यात मागून मागून एक गोष्ट मागितली, आणि तीच आपल्याकडून झाली नाही.

एका अरुंद वळणावर, जुन्या बागेच्या भिंतीशी, हेक्टर थांबला.

"चल, हेक्टर. हुर्र!"

हेक्टरने पाय फाकवले. जे व्हायचं ते दणदणीत झालं. धार रस्त्यावर सांडली, वास पसरला, ओहायोच्या बाईने रुमाल नाकाला लावला आणि फेबीचा आनंद गगनात मावेना.

"आई, किती वेळ करतोय तो!"

"बाईसाहेब, माफ करा हं," रेनेटा पाहुण्यांना म्हणाली. "हासुद्धा गावचा जुना रहिवासी आहे, मनाला येईल तिथे थांबतो." तिने खुणेचा झेंडा ओल्या जागेवर टाकला आणि धुणाऱ्या गाडीसाठी वॉकीटॉकीवर रस्त्याचं नाव सांगितलं. ही इथली रोजचीच रीत. झेंडा पडला की मागून पाण्याची गाडी येते आणि रस्ता धुऊन जाते. तिने पुन्हा लगाम उचलला.

"थांब," मावशी म्हणाली.

तिथे पदपथ नव्हताच. विटांची भिंत सरळ रस्त्याला भिडलेली, वर्षानुवर्षांच्या चुन्याच्या थरांखाली गेलेली. गाडी इतकी लगत उभी होती की मावशीचा डावा हात सहज भिंतीला टेकला होता. तोल सावरायला म्हणून टेकलेला. आता तो हलेना.

"मावशी, काय झालं?"

मावशी भिंतीकडे कलली. तिचं बोट चुन्यावरून हळूहळू सरकत होतं, टोपलीच्या कडेवरून शेवटचा टाका तपासताना सरकायचं तसं. एका जागी ते आत गेलं. त्याच्या शेजारी दुसरं. मग तिसरं.

भिंत पांढरी, सपाट दिसत होती. रेनेटा रोज इथून जायची, तिला कधी काही दिसलं नव्हतं. चुन्याने ते खळगे डोळ्यांपासून लपवले होते, बोटांपासून नाही.

"अगं बया," मावशी अगदी हळू म्हणाली. "तू इथे पण आहेस होय?"

मागच्या बाकांवरची मंडळी ऐकायला पुढे झुकली. हेक्टरनेसुद्धा कान मागे वळवले, असं रेनेटाला वाटलं.

मावशी भिंतीशीच बोलत होती, शेजारणीशी बोलावं तशी. "आणि मी म्हणत होते, तू आपल्या फाटकाशी एकटीच बसलीयस. म्हटलं, मी गेल्यावर हिची विचारपूस कोण करणार? तू तर गावभर हिंडतेयस गं." ती थांबली. बोटं खळग्यांतच होती. म्हातारी बोटं, सगळी मावत नव्हती, नुसती टोकं टेकलेली. "मी चालले. मुलगा न्यायला येतोय. लांब आहे, थंडी आहे म्हणे. रागावू नको हं. बरी राहा."

रेनेटाच्या हातातला लगाम सैल पडला. दूर पाण्याच्या गाडीची घंटी वाजली. ती येऊन रस्ता धुईल आणि मग निघावंच लागेल. मावशीला ते आपोआप कळलं. तिने हात मागे घेतला, बोटांना लागलेला चुना पुसलाच नाही आणि फेबीचा हात धरला.

"इकडे ये. आता तू ठेव. ही माझी मैत्रीण. तिच्याकडे येत जा अधूनमधून."

फेबी बाकावर गुडघ्यांवर उभी राहिली. मावशीने तिची बोटं एकेक करून खळग्यांत बसवली. नेमकी बसली. जणू आत्ताच काढून घेतली होती.

"आई!" फेबी ओरडली. "माझीच बोटं आहेत ही!"

"तुझ्याएवढ्या मुलीची आहेत, राणी," रेनेटा म्हणाली. पाहुण्यांना सांगायची तीच वाक्यं होती, पण आज त्यांचा आवाज वेगळा लागत होता. "ती विटा करायची. ओल्या विटा उलटायची, म्हणजे सगळीकडून वाळायला हव्यात ना."

"शाळेत नव्हती जात?"

"नाही. तिला जाऊ देत नसत."

"दिवसभर विटाच?"

"हो गं."

ओहायोच्या बाईचा रुमाल आता नाकावर नव्हता, डोळ्यांवर होता. पाण्याची गाडी मागे येऊन थांबली. मावशीने टोपी सरळ केली, पुढे झुकून रेनेटाच्या पाठीवर तळवा ठेवला, शाळेच्या दारात ठेवायची तसा, आणि म्हणाली, "चल, रेनी. झालं माझं. तुझी पिवळी गोळी लाख मोलाची."

रेनेटाने लगाम उचलला. हेक्टरने कान ताठ केले आणि पहिलं पाऊल टाकलं. भिंत मागे सरकू लागली, तशी फेबीची बोटं खळग्यांतून एकेक करून सुटली. तिने ती बोटं मुठीत मिटून घेतली, भिंतीकडे मान वळवून पाहत राहिली आणि मग आईच्या पाठीला, नेहमीच्याच काळजीच्या आवाजात, विचारलं,

"आई, आणि संध्याकाळी हिला न्यायला कोण यायचं?"